श्रोडिंगरचा आत्मविचार

एखाद्या भौतिकशास्त्रज्ञानें आपला नेहमींचा प्रांत सोडून आत्मा, चैतन्य, मरण असल्या विषयांकडे मोर्चा वळविला म्हणजे त्याच्याविषयीं दोन मतें ताबडतोब तयार होतात. त्याचे समव्यवसायी म्हणतात, गृहस्थ आतां वृद्ध झाला. आणि आमच्याकडील भाविक सुशिक्षित म्हणतात, गृहस्थ अखेर ताळ्यावर आला. हीं दोन्ही मतें बहुधा पुस्तक न वाचतां बनविलेलीं असतात, एवढेंच त्यांच्यांत साम्य. एर्विन श्रोडिंगर ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या वांट्याला हें भाग्य पुष्कळच आलें आहे. आमच्या व्याख्यानमालांतून आणि दिवाळी अंकांतून त्याचें नांव वेदान्ताचा पाश्चात्त्य साक्षीदार म्हणून घेतलें जातें; परंतु ह्या साक्षीदारानें नक्की काय सांगितलें आहे, आणि जें सांगितलें आहे तें उलटतपासणींत कितपत टिकतें, ह्याची चौकशी कोणी फारशी करीत नाहीं. ती यथाशक्ति करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम लेखकाची ओळख थोडक्यांत करून देतों. श्रोडिंगरचा जन्म १८८७ सालीं व्हिएन्ना येथें झाला. १९२६ सालीं त्यानें अणूंतील घडामोडींचें जें तरंगसमीकरण मांडलें तें आजहि त्या शास्त्राच्या पायाशीं आहे, आणि १९३३ सालचें नोबेल पारितोषिक त्याला डिरॅकबरोबर विभागून मिळालें. १९३८ सालीं जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्याची ग्राट्स येथील जागा गेली, आणि १९३९ पासून पुढचीं सतरा वर्षें त्यानें डब्लिन येथें काढलीं. आमच्या समोर असलेल्या दोन पुस्तकांपैकीं पहिलें, 'व्हॉट इज लाइफ?', हें १९४३ च्या फेब्रुवारींत तेथील ट्रिनिटी कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांवरून तयार झालें व १९४४ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केलें. दुसरें, 'माइंड अँड मॅटर', हें १९५६ सालच्या केंब्रिज येथील टार्नर व्याख्यानांचें पुस्तक असून तें १९५८ सालीं निघालें. १९६७ पासून हीं दोन्ही एकाच बांधणींत मिळतात, आणि दोन्ही मिळून दोनशें पृष्ठांच्या आंत आहेत. सुटीच्या दोन दुपारीं वाचून होण्यासारखा हा ऐवज आहे. त्यावर विचार करावयास मात्र दोन दुपारी पुरत नाहींत.

पहिल्या पुस्तकाचा मुख्य विषय चैतन्य हा नव्हे. आनुवंशिक गुण पिढ्यान्‌पिढ्या न बिघडतां कसे टिकतात, ह्या प्रश्नाचा तो विचार आहे. ज्या द्रव्यांत हे गुण सांठविलेले असतात त्याची घडण स्फटिकासारखी घट्ट, परंतु एकाच नमुन्याची पुनरावृत्ति नसलेली, अशी असली पाहिजे, असें अनुमान श्रोडिंगरनें तर्कानें काढलें. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं डी. एन. ए. ची दुपदरी रचना उलगडली, आणि त्याच वर्षीं क्रिकनें श्रोडिंगरला पत्र लिहून ह्या छोट्या पुस्तकाचा आपणां दोघांवर झालेला परिणाम कळविला. एखाद्या पुस्तकाला ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र मिळणें कठीण.

परंतु पुस्तकाच्या शेवटीं थोड्याच पानांचा एक उपसंहार आहे, आणि आमच्याकडे श्रोडिंगरची जी कीर्ति आहे ती मुख्यतः ह्या पानांमुळें. त्यांत तो दोन विधानें शेजारीं शेजारीं ठेवतो. माझें शरीर निसर्गनियमांप्रमाणें चालणारें यंत्र आहे, हें एक. आणि त्या शरीराच्या हालचाली मी स्वतः करवितों व त्यांची जबाबदारी माझी आहे, असा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे, हें दुसरें. दोन्ही खरीं मानावयाचीं तर अणूंच्या गतीचें नियमन करणारा तो 'मी'च, असें म्हणणें भाग पडतें. ख्रिस्ती समाजांत हें बोलणें पाखंडाचें वाटेल हें तो कबूल करतो, आणि आत्मा व ब्रह्म यांचें ऐक्य सांगणाऱ्या उपनिषदांकडे बोट दाखवितो. त्यानंतर तो आणखी एक विधान करतो. त्याकडे आम्ही लेखाच्या अखेरीस वळणार आहों, कारण आमचा खरा मतभेद तेथें आहे.

आमच्या मतें श्रोडिंगरचें सामर्थ्य दुसऱ्या पुस्तकांत अधिक दिसतें. त्यांतील तीन विचार मननीय आहेत.

पहिला विचार जाणिवेच्या कार्यासंबंधीं आहे. शरीराच्या कोणत्या क्रियांबरोबर जाणीव असते व कोणत्या क्रियांबरोबर नसते? हृदयाचे ठोके आणि अन्नाचें पचन हीं आमच्या नकळत चालतात. लहानपणीं चालावयास शिकतांना एकेका पावलाकडे लक्ष द्यावें लागतें; पुढें पाय आपोआप पडतात. रोजच्या वाटेनें जाणारा मनुष्य आपल्याच नादांत जातो. परंतु त्या वाटेवर काल नसलेला खड्डा आज दिसला कीं त्याचें लक्ष एकदम जागें होतें. ह्यावरून श्रोडिंगर असें सुचवितो कीं, जाणीव ही सजीव द्रव्याच्या शिक्षणाची सोबतीण आहे. जें शिकून पक्कें झालें तें तिच्या देखरेखींतून सुटतें व नेणिवेंत जातें. जें नवें व अवघड तेवढ्यापुरती ती हजर राहते. मनुष्यजात अद्यापि घडत आहे, आणि म्हणूनच आपल्या जुन्या स्वभावाशीं आपला झगडा सारखा चालू असतो. सदाचार म्हणजे हा आत्मजय होय, असें नीतिशास्त्रहि तो ह्याच विचारांतून काढतो. मनुष्यस्वभावाविषयीं इतकें थोडक्यांत आणि इतकें निगर्वी विवेचन आमच्या वाचनांत फारसें आलेलें नाहीं.

दुसरा विचार ह्याहून खोल आहे. शास्त्रानें जगाचें जें चित्र काढलें आहे त्यांत रंग नाहीं, गंध नाहीं, सुख नाहीं, दुःख नाहीं, आणि पाहणाराहि नाहीं. असें कां व्हावें? श्रोडिंगरचें उत्तर असें कीं, चित्र काढण्याची पद्धतिच तशी ठरविलेली होती. ग्रीकांच्या काळापासून विचारवंतांनीं सोईसाठीं ज्ञात्याला चित्राबाहेर उभें केलें, आणि जें उरलें त्याला बाह्य जग असें नांव दिलें. ह्या कृतीला आपण विषयीकरण म्हणूं. ह्या युक्तीच्या बळावर शास्त्रांची प्रचंड वाढ झाली. परंतु ही एक युक्ति होती ह्याचा विसर पडून आम्ही आतां त्याच चित्रांत ज्ञात्याला शोधीत बसतों. तो सांपडला नाहीं म्हणजे कोणी विस्मित होतो, तर कोणी तो मुळांतच नाहीं असा निकाल देऊन मोकळा होतो. मज्जासंस्थेच्या संशोधनाबद्दल १९३२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटेकरी झालेला शेरिंग्टन आपल्या 'मॅन ऑन हिज नेचर' (१९४०) ह्या ग्रंथांत ह्याच अनुभवाची कबुली मोठ्या प्रामाणिकपणें देतो: मेंदूचा सारा कारभार धुंडाळला, तरी मन कोठें हातीं लागलें नाहीं. श्रोडिंगर ह्या ग्रंथाची मनापासून स्तुति करतो, आणि मन हातीं कां लागलें नाहीं त्याचें कारण पुरवितो.

हें कारण समजावण्यासाठीं तो एका चित्राचा दाखला देतो. व्हिएन्ना येथें असलेल्या ड्यूररच्या १५११ सालच्या सर्वसंतांच्या चित्रांत चित्रकारानें खालच्या कोपऱ्यांत स्वतःची एक लहानशी आकृति काढून ठेवली आहे. ती नसती तरी चित्राचें कांहीं अडलें नसतें. आणि ज्याच्यावांचून चित्रच झालें नसतें तो मनुष्यहि तोच. आमच्या वाचकांना येथें अभंगाच्या शेवटच्या चरणांत येणारें संतकवीचें नांव आठवल्याशिवाय राहणार नाहीं. शंकराचार्यांच्या शारीरभाष्याचा आरंभहि विषय आणि विषयी ह्यांच्या भेदानेंच होतो, हें संस्कृतज्ञांस सांगावयास नकोच.

तिसरा विचार इंद्रियांच्या अनुभवाविषयीं आहे. सुमारें ५९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांत शिरला म्हणजे आपणांस पिवळा रंग दिसतो. परंतु तांबडा आणि हिरवा प्रकाश योग्य प्रमाणांत एकत्र केला तरीहि तसाच पिवळा दिसतो, आणि त्या मिश्रणांत ५९० चा किरण नसला तरी चालतें. आपल्या हातांतील मोबाइलच्या पडद्यावरचें झेंडूचें फूल ह्याच युक्तीनें पिवळें दिसतें. सामान्यतः त्या पडद्यांत तांबडे, हिरवे व निळे एवढेच ठिपके असतात. तेव्हां पिवळेपणा हा तरंगाचा गुण आहे असें म्हणतां येत नाहीं. डोळ्याच्या पडद्यावर आणि मेंदूंत काय घडतें ह्याचें कितीहि बारीक वर्णन करा. जन्मांधाला त्यांतून पिवळा रंग कळणार नाहीं. आणि हें सारें वर्णन ज्या निरीक्षणांवर उभें आहे तीं शेवटीं कोणाच्या तरी इंद्रियांनींच केलेलीं असतात. श्रोडिंगर येथें डेमॉक्रिटसचा जुना संवाद आठवतो: बुद्धि इंद्रियांना खोटें ठरवावयास निघते, तेव्हां इंद्रियें तिला बजावतात कीं, तुझा सारा पुरावा आमच्याकडूनच घेतलेला आहे, आम्ही पडलों तर तूंहि पडशील.

येथवर आम्ही श्रोडिंगरच्या पूर्णपणें बरोबर आहों. ह्यापुढें तो जें गणिताचें कोडें घालतो तेथून वाट बिकट होते. जग एक आहे. त्याला जाणणारीं मनें मात्र अनेक दिसतात. प्रत्येकाचें जग त्याच्या मनांतच असेल तर हीं सारीं जगें एकमेकांशीं जुळतात कशीं? लायब्निझनें प्रत्येक मन हें झरोके नसलेलें स्वतंत्र विश्व मानलें. श्रोडिंगरला ती कल्पना भयानक वाटते. मग दुसरा मार्ग उपनिषदांचा: मनांचें अनेकत्व हा भास, चैतन्य वस्तुतः एक. ह्याच्या समर्थनार्थ तो सांगतो कीं, चैतन्याचा अनुभव कोणालाहि कधीं अनेकवचनांत आलेला नाहीं. तो सदैव एकवचनांतच येतो.

हें वाचून आमच्याकडील पुष्कळांची छाती फुगते. अणुशास्त्राच्या एका आद्याचार्यानें अखेर वेदान्त सिद्ध केला, असें आम्हीं व्यासपीठांवरून अनेकदां ऐकलें आहे, आणि तरुण वयांत एक दोनदां स्वतः म्हटलेंहि आहे. ह्या म्हणण्याला तीन गोष्टी आड येतात, त्या आतां सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट सनावळीची. श्रोडिंगरच्या 'माझें विश्वदर्शन' ह्या अर्थाच्या जर्मन पुस्तकाचा पहिला भाग, ज्यांत त्याचें वेदान्तमत स्पष्ट मांडलें आहे, तो १९२५ सालीं लिहिलेला आहे. तरंगसमीकरण १९२६ चें. तेव्हां समीकरणानें त्याला वेदान्ताकडे नेलें हें म्हणणें उलटें आहे. वेदान्ताची गोडी त्याला शोपेनहाउअरच्या वाचनांतून, पूर्वींच लागली होती. दुसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या कबुलीची. नव्या अणुशास्त्रानें द्रष्टा व दृश्य यांमधील भिंत पाडली, असें त्या काळीं पुष्कळ म्हणत. श्रोडिंगर हें मत 'माइंड अँड मॅटर' मध्यें साफ नाकारतो. त्याच्या मतें अशी भिंत मुळांत नव्हतीच, मग ती नुकत्या झालेल्या प्रयोगांनीं पडणार कोठून? पाश्चात्त्य विचाराला पौर्वात्य विचाराचें थोडें रक्त द्यावें असें तो सुचवितो खरें, परंतु त्याच वाक्याच्या पाठोपाठ बजावतो कीं, रक्त देतांना तें गोठण्याचा धोका असतो, आणि शास्त्रानें मिळविलेली तर्काची कांटेकोरता गमावून हा उपचार करावयाचा नाहीं. आमचे वक्ते रक्तदानाची गोष्ट सांगतात आणि गोठण्याची गाळतात.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या घरची. 'पौर्वात्य विचार' म्हणून एकच एक विचार आहे असें श्रोडिंगरनें मानलें तर तो परदेशस्थ म्हणून क्षम्य आहे. आम्हीं तसें मानणें क्षम्य नाहीं. सांख्यांनीं पुरुष अनेक मानले, आणि त्यासाठीं दिलेलें कारण अगदीं साधें आहे: जन्म, मरण आणि इंद्रियें हीं ज्याचीं त्याला निराळीं असतात, एक जन्मला म्हणून सर्व जन्मत नाहींत. नैयायिकांनीं ज्ञान हा आत्म्याचा गुण मानला, आणि तो मनाच्या संयोगानें उत्पन्न होतो असें सांगितलें. बौद्धांनीं कायमचा आत्माच नाकारला. चार्वाकांनीं तर, किण्वादि द्रव्यें एकत्र आलीं कीं त्यांत जशी मादकता उपजते, तसें भूतांच्या संयोगांतून चैतन्य उपजतें, असें म्हटलें; आजच्या मेंदूशास्त्रज्ञांपैकीं बरेच जण ह्या मताच्या आसपास आहेत. म्हणजे श्रोडिंगरचें कोडें आमच्याकडे सुटलेलें नसून शतकानुशतकें चर्चेंत आहे. ह्या चर्चेचा अभिमान आम्हांस अवश्य असावा. तिच्यांतील एका पक्षाच्या बाजूनें परदेशांतून एक मत पडलें एवढ्यावर निकाल लागला असें मानणें हा त्या चर्चेचाच अपमान आहे.

आतां ह्या मताच्या गुणदोषांकडे वळूं. चैतन्याचा अनुभव एकवचनांतच येतो हें खरें; पण त्यावरून चैतन्य एकच आहे हें निष्पन्न होत नाहीं. प्रत्येक घरांतील मनुष्य आपल्याच खिडकींतून बाहेर पाहतो. दुसऱ्याच्या खिडकींतून पाहण्याचा अनुभव कोणालाच नसतो. ह्यावरून गांवांत खिडकी एकच आहे असा निष्कर्ष कोणी काढीत नाहीं. अनुभव एकवचनांत येणें हा अनुभवाच्या रचनेचा धर्म आहे. तो मोजणीचा पुरावा नव्हे. श्रोडिंगरसारख्या गणितज्ञाच्या हातून ही गफलत व्हावी ह्याचें नवल वाटतें.

शिवाय ह्या पुस्तकानंतरच्या काळांत कांहीं नवा पुरावा पुढें आला आहे. १९६० नंतर अमेरिकेंत कॅलिफोर्निया येथें रॉजर स्पेरी व त्याचे सहकारी यांनीं अशा रुग्णांचा अभ्यास केला, कीं ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पूल फेंपऱ्यावरील उपाय म्हणून कापलेला होता. नजर एका ठिकाणीं स्थिर ठेवून डाव्या बाजूस क्षणभर दाखविलेल्या वस्तूविषयीं विचारलें, तर रुग्ण तोंडानें सांगे, कांहींच दिसलें नाहीं. आणि त्याचा डावा हात मात्र तीच वस्तु चांचपून बाहेर काढी. ह्या कामाबद्दल स्पेरीला १९८१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. एका कवटींत दोन जाणिवा झाल्या, कीं एकच जाणीव दुभंगली, ह्याविषयीं तज्ज्ञांत आजहि एकमत नाहीं. पण एक आणि अनेक हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊं शकतो, केवळ ध्यानानें किंवा व्याकरणानें सुटत नाहीं, एवढें त्यावरून कळतें.

उलट पक्षीं, शास्त्रानें हें कोडें सोडविलें असेंहि कोणी समजूं नये. ज्या क्रिकनें श्रोडिंगरला पत्र लिहिलें त्यानेंच उतारवयांत जाणिवेच्या संशोधनाला हात घातला. त्याचा सहकारी क्रिस्टॉफ कॉख यानें १९९८ सालीं तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स याच्याशीं पैज मारली कीं, जाणिवेची मेंदूंतील निश्चित खूण पंचवीस वर्षांत सांपडेल. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथें विद्वानांच्या सभेंत कॉखनें हार कबूल केली, आणि ठरल्याप्रमाणें चामर्सला मद्याची पेटी दिली. ह्या चामर्सनेंच १९९५ सालीं मेंदूचीं कामें समजावून सांगणें आणि त्या कामांबरोबर अनुभव मुळांत कां असतो हें समजावून सांगणें, ह्या दोन प्रश्नांतील अंतर स्पष्ट करून दाखविलें होतें. श्रोडिंगरच्या पिवळ्या रंगाचा प्रश्न तो हाच. सुमारें सत्तर वर्षें लोटलीं, यंत्रें सूक्ष्म झालीं, मेंदूंतील घडामोडींचीं चित्रें पडद्यावर दिसूं लागलीं. प्रश्न जागच्या जागीं आहे. हारलेल्यानें हार मानली आणि जिंकणाऱ्यानें आपलें उत्तर बरोबर ठरलें असा दावा केला नाहीं, हें ह्या पैजेंतील खरें शिकण्यासारखें.

आतां उपसंहारांतील त्या विधानाकडे वळतों, ज्याचा उल्लेख वर केला. श्रोडिंगर तेथें विचारतो, हा 'मी' म्हणजे काय? आठवणी आणि अनुभव ज्यावर चितारले जातात तो पट म्हणजे 'मी', असें त्याचें उत्तर आहे. तारुण्यांतला आपला 'मी' आज उरला नाहीं म्हणून आपण त्याचा शोक करीत नाहीं. तसेंच एखाद्या संमोहनकारानें आपल्या साऱ्या जुन्या आठवणी पुसून टाकल्या, तरी त्यानें आपणांस ठार मारलें असें आपणांस वाटणार नाहीं. तेव्हां व्यक्तीच्या नाशाचा शोक करण्याजोगें कधींहि कांहीं घडत नाहीं, आणि पुढेंहि घडणार नाहीं.

सामान्यतः आम्ही लेखांत घरच्या गोष्टी आणीत नाहीं. परंतु येथें युक्तिवाद ज्या घटनेची केवळ कल्पना करतो ती आम्हीं सहा वर्षें प्रत्यक्ष पाहिली आहे, म्हणून दोन शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं. आमच्या आईला उतारवयांत विस्मृतीचा रोग जडला. प्रथम कालच्या गोष्टी गेल्या, मग वर्षांपूर्वींच्या, मग नातवंडांचीं नांवें, आणि शेवटीं आम्ही स्वतः. हात मात्र कापसाच्या वाती वळीत राहिले. त्यांना कोणी आठवण करून द्यावी लागली नाहीं. एका संध्याकाळीं आम्ही कॉलेजांतून परतलों, तों ती दाराशीं येऊन म्हणाली, "आपण कोणाकडे आलांत? घरांत आतां कोणी नाहीं. पण बसा, चहा घेतल्याशिवाय जाऊं नका." जिनें जन्मभर 'अरे' शिवाय हांक मारली नाहीं तिनें 'आपण' म्हणावें, ह्याला काय म्हणावयाचें?

वाती वळणाऱ्या हातांनीं श्रोडिंगरच्या पहिल्या विचाराची सत्यता आम्हांस पटविली. शिकून पक्कें झालेलें कौशल्य जाणिवेच्या ताब्यांतून सुटलेलें असतें, म्हणून जाणीव विस्कटली तरी तें टिकतें. परंतु उपसंहारांतील समाधान मात्र आमच्या गळीं उतरलें नाहीं. पट शिल्लक आहे तेव्हां कांहींच गेलें नाहीं, असें म्हणणारा मनुष्य संमोहनकाराच्या खुर्चींतील रुग्णाच्या जागीं स्वतःला कल्पितो. शेजारीं बसलेल्या मुलाच्या जागीं कल्पीत नाहीं. गेलेल्या वस्तूचा शोक ज्याची गेली त्यालाच करतां येतो असा नियम नाहीं. कित्येकदां तिचा हिशेब दुसऱ्याच्याच वहींत लिहिलेला असतो.

आणि जें शिल्लक राहिलें तेंहि कोरा पट नव्हता. अनोळखी मनुष्याला उंबऱ्यावरून परत न पाठविणें, घरांत काय आहे काय नाहीं हें न पाहतां चहाचा आग्रह करणें, ही सर्वांभूतीं समान असलेल्या चैतन्याची खूण नव्हे. ती एका विशिष्ट बाईची, एका विशिष्ट घरांत घडलेली रीत होती. ती आठवणींची बेरीज नव्हती, कारण आठवणी गेल्या होत्या. आणि ती ब्रह्महि नव्हती, कारण ती शेजारच्या घरांत नव्हती. आठवणींचा गट्ठा आणि विश्वव्यापी चैतन्य ह्या दोन टोंकांच्या मध्यें जी वस्तु आहे, जिला आपण साध्या भाषेंत स्वभाव किंवा माणूस म्हणतों, ती मधली पायरी श्रोडिंगरनें गाळली आहे. आमच्या मतें त्याच्या आत्मविचारांतील मुख्य उणीव ती हीच.

ह्या बाबतींत ज्यांचा आधार त्यानें घेतला ते आचार्य त्याच्यापेक्षां सावध होते, हें नमूद करणें न्यायाचें होईल. शंकराचार्यांनीं परमार्थ आणि व्यवहार ह्या दोन भूमिका निराळ्या ठेवल्या, आणि ज्ञान होईपर्यंत व्यवहाराला त्याची सत्ता दिली. व्यवहारांत आई आईच असते, मरण मरणच असतें, आणि शोक हा शोकच. श्रोडिंगरनें परमार्थाच्या भूमिकेवरील एक सिद्धान्त उचलला आणि तो व्यवहारांतील दुःखावर औषध म्हणून लावला. असें औषध लागू पडत नाहीं. आणि पडत नाहीं म्हणून रोग्यालाच अज्ञानी ठरविण्याची पाळी येते. शोकाकुल घरीं जाऊन 'आत्मा अमर आहे' असें सांगून उठणारे सज्जन आपल्याकडे कमी नाहींत. हेतु चांगला असूनहि त्यांचा तो शब्द ऐकणाऱ्याला कसा लागतो, हें ज्यानें ऐकला आहे त्यालाच ठाऊक.

असें असलें तरी हें पुस्तक आम्ही आमच्या वाचकांच्या हातीं आनंदानें देऊं. श्रोडिंगरनें दिलेलें उत्तर आम्हांस मान्य नाहीं; त्यानें मांडलेला प्रश्न मात्र त्याच्याइतक्या स्वच्छपणें मांडलेला आम्हांस दुसरीकडे आढळला नाहीं. ज्ञात्याला वगळून काढलेल्या चित्रांत ज्ञाता सांपडणार नाहीं, ही गोष्ट एकदां नीट कळली म्हणजे दोन उतावीळ निकालांपासून आपण वांचतों. सांपडत नाहीं म्हणून आत्मा नाहीं, हा एक. आणि सांपडत नाहीं म्हणून आमच्या पोथींत आहे तसाच तो आहे, हा दुसरा. ज्या घरांतून मुलांना शास्त्र आणि स्तोत्र दोन्ही शिकविलीं जातात तेथें हे दोन्ही निकाल रोज ऐकूं येतात. मुलानें विचारलें कीं, आजीला आपण आठवत नाहीं, मग आजी कोठें गेली, तर त्या प्रश्नाला घाईनें उत्तर देऊं नये. श्रोडिंगरला तें ठाऊक नव्हतें, आणि कॉखलाहि अद्याप सांपडलेलें नाहीं. त्या मुलाला आजीजवळ बसवावें, आणि तिनें चहाचा आग्रह केला तर त्यानें तो घ्यावा, एवढें मात्र खात्रीनें सांगतां येतें.